घड्याळ : हौस की ठेव?

‘हौसेला मोल नाही’ ही आपल्याकडील म्हण जुनी आहे. हौसेपायी माणूस काय खर्च करील ह्याचा हिशेब इतरांनी मांडू नये, असाच तिचा अर्थ आम्ही आजवर समजत आलो. परंतु गेल्या संक्रांतीला आमच्या पुतण्याने ह्या म्हणीलाच हात घातला. आदिलाबादच्या बाजारात कापूस घालून हाती आलेल्या रकमेतला मोठा भाग एका स्विस मनगटी घड्याळात घालावा, असे त्याच्या मनात आले होते. आमच्या कपाळावरच्या आठ्या पाहून तो म्हणाला, “काका, ही हौस नव्हे. ही गुंतवणूक आहे. पाच वर्षांनी हेच घड्याळ दुपटीने जाईल.”

आम्ही त्याला तेथल्या तेथे उत्तर दिले नाही, कारण देता आले नाही. शेतकऱ्याच्या घरात वर्षाचा पैसा एकदाच येतो आणि तो कशात अडकला ह्यावर पुढची पेरणी अवलंबून असते, एवढे त्याला सांगण्याची गरज नव्हती. प्रश्न घड्याळाचा होता. ह्या वस्तूने आमच्या मुलखात आजवर कुणाची ठेव राखली काय, आणि राखली असल्यास कोणत्या कारणाने, हे पाहावे म्हणून आम्ही जुने कागद, जुन्या आठवणी आणि घरातील एक लाकडी पेटी धुंडाळली. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

आम्ही आदिलाबाद म्हणतो तेव्हा जुना जिल्हा अभिप्रेत आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार भाग झाले. उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस गोदावरी, मध्ये सागाचे रान आणि काळी जमीन. गावात मराठी आणि तेलुगू, डोंगरात गोंडी व कोलामी, कचेरीत निजामाच्या अमलाखाली उर्दू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर महसुली मंडळ येथून मुंबई राज्यात गेले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आमच्याकडे आली. तेव्हापासून येथील मराठी कुटुंबांची सोयरीक एका राज्यात आणि सातबारा दुसऱ्या राज्यात अशी स्थिती आहे. हे सांगण्याचे कारण एवढेच, की मुंबईचे घड्याळ आमच्या गावी येईपर्यंत त्याला किती हद्दी ओलांडाव्या लागत ते पुढे लक्षात यावे.

घड्याळापूर्वी वेळ नव्हती असे नाही. लग्नघरी पाण्याच्या घंगाळात तळाशी बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडीत; ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे आजची २४ मिनिटे. दिवस सूर्यावर, रात्र नक्षत्रांवर, वर्ष पेरणी आणि वेचणीवर चाले. सरकारचे साल फसली होते आणि महिने आजुर, दै, बहमन असे इराणी. कुणबी त्यांची नावे केवळ सारा भरण्यापुरती लक्षात ठेवी. मिनिट ही वस्तू ह्या जीवनात कुठेच बसत नव्हती. ती आली आगगाडीबरोबर. काजीपेठ ते बल्लारशाह हा रूळ १९२९ मध्ये पुरा झाला आणि दिल्ली-मद्रासची थेट वाट मंचेरियाल व शिरपूरवरून आमच्या जिल्ह्याच्या पूर्व अंगाने जाऊ लागली. मागोमाग शिरपूरची कागदगिरणी निघाली. तिच्या भोवती वसलेल्या गावाचे नावच कागजनगर पडले. बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीत पाळ्या लागल्या. ज्या माणसाने आयुष्यभर कोंबड्याच्या आरवण्यावर उठावे त्याला भोंग्यावर उठण्याची सवय लागली. मात्र भोंगा ऐकणाऱ्याला घड्याळाची गरज नसते. ज्याचे ऐकून भोंगा वाजतो त्याला ती असते. म्हणून पहिली घड्याळे आली ती स्टेशनमास्तर, वकील, जंगलखात्याचे अंमलदार आणि शाळामास्तर ह्यांच्या खिशात.

आमचे आजोबा ह्यांपैकी शेवटच्या वर्गातले. त्यांनी मुंबईहून वेस्ट एंड कंपनीचे चांदीच्या डबीचे खिशातले घड्याळ आणले. ही पेढी स्विस मूळची. १८८६ पासूनचा इतिहास ती सांगते आणि तिची घड्याळे हिंदुस्थानी पलटणींतून व रेल्वेतून फार खपली. घड्याळ घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी आजोबांची गाडी चुकली, ही गोष्ट घरात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. घड्याळाचा दोष नव्हता. १९०६ च्या जानेवारीपासून रेल्वेने भारतीय प्रमाणवेळ धरली होती, परंतु मुंबई शहर आपली स्वतःची वेळ सोडायला तयार नव्हते. स्वातंत्र्यानंतरही काही काळ तिचा हट्ट टिकला. ही मुंबईवेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे. आजोबांनी भर बाजारातल्या मनोऱ्यावरून घड्याळ लावले आणि ऐटीत बोरीबंदरावर पोचले, तो फलाट मोकळा. नवे घड्याळ खिशात असूनही गाडी गमावणारा मनुष्य म्हणून आजीने त्यांना शेवटपर्यंत चिडवले.

ह्या घड्याळाची किंमत काय पडली असेल ते नेमके कुठे लिहिलेले नाही. पण किंमत कशी पडे हे सांगता येते, आणि आमच्या विषयाचे पहिले मर्म तेथेच आहे. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, मुंबईत कलदार. हाली रुपयात चांदी शेकडा सुमारे ८२, कलदारात शेकडा ९१ हून अधिक, आणि वजनही हालीचे कमी. म्हणून १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा भाव धरीत. समजा, मुंबईच्या दुकानात घड्याळ ३० कलदारांना असले, तर आदिलाबादच्या माणसाला ते ३५ हालीला पडले. त्यावर संस्थानच्या हद्दीवर करोडगिरीचे नाके. मालावर शेकडा पाच जकात, जिचे मूळ १८०२ च्या तहात होते. ती भरली की आकडा पावणेसदतीसपर्यंत चढला. (अंगावरच्या वस्तूला माल म्हणत नाहीत, अशी त्या काळच्या प्रवाशांची समजूत होती. आजोबांचीही असावी.)

आता हेच घड्याळ पुन्हा विकायला निघा. मुंबईचा भाव, बट्टा, जकात ह्यांतले काहीच परत मिळत नसे. बोथचा किंवा निर्मलचा सावकार घड्याळ हातात घेई, कानाशी धरी, डबी उघडून चांदी पाही आणि डबीच्या वजनाचे पैसे बोले. आतले यंत्र त्याच्या लेखी वजा करण्याचा भाग होता. ह्याउलट घरातील बाईच्या पायातले तोडे, दंडातल्या वाक्या, गळ्यातली सरी ह्यांचा व्यवहार पहा. मराठी कुणब्याच्या घरी, गोंडाच्या, आंधाच्या, लमाणाच्या घरी चांदी हीच पतपेढी होती. कापूस पिकला की चांदी अंगावर चढे, पाऊस चुकला की उतरे. तराजूच्या एका पारड्यात रुपये, दुसऱ्यात तोडे. भाव सर्वांना ठाऊक. सावकार त्यातही बुडवी हे खरे, आणि येथल्या आदिवासींच्या जमिनी आणि दागिने ज्या रीतीने सावकारांच्या हाती गेले ती ह्या जिल्ह्याच्या इतिहासातील मोठी काळी हकीकत आहे. हायमेंडॉर्फ ह्या संशोधकाने मारलवाईस राहून लिहिलेल्या वृत्तान्तांतून ती जगापुढे आली. परंतु लुबाडणारा सावकारदेखील चांदीला चांदी म्हणे. घड्याळाला घड्याळ म्हणायला मात्र त्याच्यासारखाच दुसरा हौशी गिऱ्हाईक लागे, आणि तो शंभर कोसांत नसे.

ठेव म्हणजे काय, ह्याचा उलगडा आम्हांला येथे झाला. अडचणीच्या दिवशी, अनोळखी बाजारात, घाईने विकायला निघाल्यावरही जिच्यापोटी बहुतेक रक्कम परत येते ती ठेव. सवडीने, योग्य गिऱ्हाईक शोधून, चार वर्षे वाट पाहून जिचे पैसे येतात ती वस्तू मौल्यवान असेल, ठेव नव्हे.

तथापि मध्यंतरी एक काळ असा आला, की घड्याळ सोन्याच्या पंक्तीला जाऊन बसले, आणि बसवले ते खुद्द कायद्याने. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर निर्बंध आले. स्विस घड्याळ उघड मार्गाने मिळणे दुरापास्त झाले. जे मिळत नाही त्याची हाव वाढते. पश्चिम किनाऱ्यावर चोरटी आयात फोफावली. अंगरख्याच्या आत कप्पे शिवून त्यांत शेकडो घड्याळे भरून आणणारे पकडले जाऊ लागले. तेव्हा १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात १२३ वे कलम आले. एरवी गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारवर. परंतु काही मोजक्या वस्तूंच्या बाबतीत हा माल चोरटा नाही हे ज्याच्यापाशी तो सापडेल त्याने सिद्ध करावे, असे हे कलम सांगते. त्या मोजक्या वस्तूंत सोने आहे, आणि सोन्याच्या जोडीला घड्याळे आहेत. मनगटावर बांधायच्या एका यंत्राला याहून मोठा मान कुठल्या कायद्याने दिला असेल असे आम्हांस वाटत नाही.

येथे आमच्या कोकणी वाचकांना काही आठवेल. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात ह्याच काळात परदेशी माल मुबलक होता. खनिज लोखंड बाहेर जाई आणि त्याच्या मोबदल्यात दारू, अत्तरे, नायलॉन आणि घड्याळे आत येत. जहाजांवर नोकरीला असणाऱ्या तारवट्यांच्या पेटीतून एखादे ‘रेलोज’ घरी येणे ही तिकडे कौतुकाची पण अपूर्वाईची गोष्ट नव्हती. शब्दही त्यांनी पोर्तुगीजातून घेतला. सीमेच्या अलीकडे सावंतवाडीत जे घड्याळ दुर्मिळ, ते पलीकडे पेडण्यात दुकानात मांडलेले. म्हणजे एकाच वस्तूच्या दोन किमती, आणि मधला फरक घड्याळातल्या कारागिरीचा नव्हे, निव्वळ कुंपणाचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्या बाजूचे कुंपण पडले. उरलेले पडायला आणखी तीस वर्षे लागली. ह्या तीस वर्षांत ज्याच्यापाशी परदेशी घड्याळ होते त्याच्या हातात खरोखरच वाढती किंमत होती. आमच्या पुतण्याने ज्यांच्या भाग्याच्या गोष्टी ऐकल्या त्यांपैकी पुष्कळ ह्या काळातल्या आहेत. ती कमाई टंचाईची होती, हे सांगणारे त्याला कुणी भेटले नाही.

१९६१ हे वर्ष आमच्या विषयाला विलक्षण सोयीचे आहे. त्याच वर्षी बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे बनवायला प्रारंभ केला. एचएमटी हे नाव पुढे घराघरांत गेले. ‘जनता’ हे तिचे किल्लीचे साधे घड्याळ आमच्या जिल्ह्यातील तलाठी, कंडक्टर, मास्तर, गिरणीतले फिटर अशा सर्वांच्या मनगटावर दिसे. मागणी एवढी की घड्याळासाठी नाव नोंदवून वाट पहावी लागे, ओळख काढावी लागे. आणि त्याच १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदाही झाला. ह्या दोन घटनांचा परस्परांशी सरकारदरबारी काही संबंध नसेल, आमच्या मांडवात मात्र होता. मराठी असो की तेलुगू, वरपक्षाच्या यादीत सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही त्रयी ठरलेली. बंदी आली हुंड्याला. घड्याळ ‘मानपान’ ह्या नावाखाली सुखरूप राहिले. ज्या बापाने स्वतः जन्मभर सूर्याकडे पाहून वेळ ओळखली, तो जावयासाठी कर्ज काढून घड्याळ आणी. ह्या खरेदीला हौस म्हणावे? घेणाऱ्याला तिची हौस नव्हती. गुंतवणूक म्हणावे? परत काहीच यायचे नव्हते. आमच्या मुलखात विकत घेतल्या गेलेल्या घड्याळांपैकी फार मोठी संख्या ह्या तिसऱ्या जातीची होती, असे आम्ही आमच्या पाहण्यातल्या लग्नांवरून म्हणतो. आणि तिचा पैसा पुष्कळदा पोरीच्या आईच्या अंगावरची चांदी उतरवूनच उभा राहिला. खरी ठेव मोडून खोटी ठेव घेतली, आणि तीही दुसऱ्याच्या मनगटावर.

पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे, ती थोडक्यात सांगतो. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेको कंपनीने स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले. किल्ली नको, कमान नको, आणि वेळ कितीतरी अचूक. ही लाट आपल्याकडे पोचायला दशक गेले. हैदराबादच्या ऑल्विनने १९८१ च्या सुमारास सेकोच्याच सहकार्याने घड्याळे काढली. टायटनने १९८७ पासून दुकाने सजवली. एचएमटीचे बंगळूर, श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथले कारखाने एकामागून एक मागे पडले, आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने तिची घड्याळांची कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आज केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत बांगड्या आणि भिंगऱ्यांच्या शेजारी घड्याळांचा ढीग असतो, आणि पोरे ती खेळणी म्हणूनच घेतात.

येथेच गंमत आहे. कारखाना बंद झाल्याचे कळताच ज्या ‘जनता’कडे वीस वर्षे कुणी पाहिले नव्हते ती शोधायला माणसे निघाली. पाच-पन्नास रुपयांना रद्दीत गेलेल्या वस्तूला हजारांत भाव येऊ लागला. वस्तू उपयोगी होती तोवर तिचा भाव पडत गेला. तिचा उपयोग संपला तेव्हा चढू लागला. आमच्या पुतण्यासारखे तरुण ह्या चढत्या टोकाकडे पाहतात. परंतु त्या टोकाशी कोण बसले आहे तेही पाहावे. जुन्या यंत्रांवर नव्या रंगाची तबकडी चढवून, तीन घड्याळांचे भाग एकात जुळवून, ‘अस्सल जुने’ म्हणून विकण्याचा मोठा धंदा मुंबईत व इतरत्र चालतो, आणि परदेशातले जाणते गिऱ्हाईक अशा मालाला मुंबईचेच नाव देऊन हिणवतात. जुन्या तबकडीवरची अक्षरे किंचित पुसट पण रेखीव असतात. नवी रंगवलेली जाड आणि हेलकावणारी. हे ओळखायला डोळा लागतो, डोळा यायला वर्षे लागतात, आणि ती वर्षे केवळ नफ्यासाठी कुणी घालवीत नाही. जो घालवतो तो हौशीच असतो.

जगातल्या सर्वांत भाग्यवान घड्याळाचा हिशेब आम्ही मुद्दाम करून पाहिला. न्यूयॉर्कच्या हेन्री ग्रेव्ह्ज नावाच्या धनिकाने पाटेक फिलिपकडून २४ प्रकारच्या करामती असलेले खिशातले घड्याळ बनवून घेतले. १९३३ मध्ये ते त्याच्या हाती आले. ६०,००० स्विस फ्रँक पडले. २०१४ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या लिलावात ते सुमारे २ कोटी ३२ लाख फ्रँकला गेले. ऐकणाऱ्याचे डोळे दिपतात. पण मध्ये ८१ वर्षे गेली. चक्रवाढीने मांडले तर दरसाल शेकडा साडेसातच्या आसपास वाढ होते; विमा, राखण आणि दलाली त्यातून वजा करायची आहे. हे साडेसात टक्के मिळवायला मुळात जगातले एकमेव घड्याळ असावे लागले. शिवाय ज्याच्या मालकीचे ते त्या वेळी होते तो कतारचा राजपुरुष लिलावाच्या दोनच दिवस आधी वारला. अलीकडची उदाहरणे घ्या : २०२१ मध्ये काही स्विस घड्याळांचे दुय्यम बाजारातले भाव आकाशाला भिडले, २०२२ च्या आरंभी कळसाला पोचले, आणि पुढली दोन वर्षे घसरत राहिले. त्या कळसावर ज्यांनी खरेदी केली त्यांत आमच्या पुतण्याच्या वयाची किती मुले असतील कोण जाणे.

ह्याच्या शेजारी आमच्या जुन्या राजधानीतला एक हौशी उभा करतो. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, ह्यांनी निजामाची दिवाणगिरी सोडल्यावर उरलेले आयुष्य आणि बहुतेक उत्पन्न वस्तू जमवण्यात घालवले. त्यांत घड्याळांचा मोठा संग्रह. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही ह्या पेढीकडून आलेले ते प्रसिद्ध घड्याळ, ज्यातून दर तासाला एक लहानसा पुतळा बाहेर येऊन टोले देतो, ते पाहायला आजही दुपारी बाराला बाकांवर जागा मिळत नाही. १९४९ मध्ये सालारजंग निवर्तले. ते अविवाहित होते. त्यांच्या दिवाण देवडीत १९५१ च्या डिसेंबरात संग्रहालय उघडले आणि १९६१ मध्ये – पुन्हा तेच वर्ष – संसदेने कायदा करून ते राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवले. आमच्या भागातील शाळांच्या सहली तेथे जातात. पोरे त्या पुतळ्याची वाट पाहताना कुणी ‘ह्याची किंमत काय’ असे विचारलेले आम्ही ऐकले नाही. सालारजंगांनीही ती परत यावी म्हणून दिली नसावी.

पुतण्याला हे सर्व सांगितले. तो ऐकून घेणारा मुलगा आहे. त्याचा शेवटचा मुद्दा कराचा होता, आणि तो बिनतोड होता. १९६१ च्याच प्राप्तिकर कायद्याने स्वतःच्या वापरातील जंगम वस्तू भांडवली मालमत्तेतून वगळल्या होत्या. दागिने पुढे त्या सवलतीतून काढले गेले. “म्हणजे काका, घड्याळ विकून नफा झाला तर कर नाही.” आम्ही म्हटले, “ती सवलत वापरणाऱ्याला होती. तिजोरीत गुंडाळून ठेवायला घेतलेस, तर ते वापरात आहे असे कोणत्या तोंडाने सांगशील?” तो हसला. हौस की गुंतवणूक हा आमच्या घरातला वाद सरकारनेही आपल्या परीने घातलेला आहे, हे पाहून आम्हांलाही बरे वाटले.

मग आम्ही त्याला लाकडी पेटीतले आजोबांचे घड्याळ दिले आणि दोघे मिळून ते घेऊन आदिलाबादला एका वयस्क घड्याळजीकडे गेलो. टपरीएवढी जागा, डोळ्याला भिंग, पुढ्यात मोबाइलच्या काचा बदलण्याचे सामान. आता पोट त्यावर चालते. त्याने डबीचे मागचे झाकण नखाने उघडले आणि भिंगातून आतल्या बाजूला पाहू लागला. तेथे सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा होत्या : आकडे, एखादे अक्षर, एके ठिकाणी ‘५८’. जो कारागीर घड्याळ उघडतो तो आपली खूण झाकणाच्या आत करून ठेवतो, म्हणजे पुन्हा आले तर आपले काम ओळखता यावे, असे त्याने समजावले. त्याने सहा खुणा मोजल्या. सहा वेळा कुणीतरी हे घड्याळ साफ करून घेतले, तेल घातले, बहुधा एकदा कमान बदलली, आणि प्रत्येक वेळी पैसे मोजले. आजोबांनंतर वडिलांनी, वडिलांनंतर बहुधा थोरल्या भावाने. घरात ह्याची कुठे नोंद नाही.

“विकायचे असेल तर?” पुतण्याने विचारले.

घड्याळजीने डबी तळहातावर तोलली. आतल्या शिक्क्यावर ०·९३५ हा चांदीचा कस होता. “वजनाचे येतील,” तो म्हणाला. नव्वद वर्षांपूर्वी बोथच्या सावकाराने हेच सांगितले असते. मग थोडे थांबून म्हणाला, “चालू करून देऊ का? पण सुट्टा भाग मोडला तर आता कुठे मिळत नाही. मी आहे तोवर ठीक.”

आठ दिवसांनी घड्याळ आणायला गेलो. झाकणाच्या आत सातवी खूण झाली होती. आम्ही खिशात हात घातला तेव्हा पुतण्याने तो धरला आणि मजुरी स्वतः दिली. घड्याळ दिवसाला दोन मिनिटे पुढे जाते; तो रोज सकाळी किल्ली देताना मोबाइलवर पाहून ते मागे घेतो. स्विस घड्याळाचे पुढे काय झाले हे आम्ही विचारले नाही. कापसाच्या पैशातून यंदा विहिरीवरची मोटार मात्र बदलली आहे.